मास्तरांची दुरुस्ती

एलादियो मास्तरांचा कुत्रा दर ऑगस्टमध्ये मरायचा. पहिल्या वर्षी लोक आमच्या कचेरीत येऊन हळहळले, एका बाईने तर पिल्लू आणून दिलं. पुढे मात्र लोकांना सवय झाली. आमच्या दक्षिणेकडच्या देशात थंडी ऑगस्टमध्येच सरते. मास्तरांचा कुत्रा मेला, म्हणजे थंडी संपत आली, असं म्हणून बायका लोकरीचे कपडे उन्हात टाकायला लागल्या. कुत्रा खरोखर होता की नाही, मला आजही ठाऊक नाही. त्यांच्या घरी मी फक्त मांजर पाहिलं.

मी मिर्ता. आमच्या सांता अगेदा गावात 'ला ओरिया' नावाचं वर्तमानपत्र निघतं. तिथे खिडकीवर बसून छोट्या जाहिराती आणि मयताच्या बातम्या घेणं हे माझं काम. मास्तरांचा लेखही माझ्याच हाती यायचा. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते दर गुरुवारी 'माझ्या खिडकीतून' हे सदर लिहीत. त्यांच्या खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसते.

घरी त्यांच्याकडे बिस्किटांचे पत्र्याचे डबे होते, एकेका महिन्याचा एकेक. मंगळवारी त्या महिन्याचा डबा उघडायचा, एक कात्रण काढायचं, 'परवा'चं 'काल' करायचं आणि मला आणून द्यायचं. शिळ्या कढीला ऊत आणावा तर आमच्या मास्तरांनी. मे महिन्यात आईने केलेला भोपळ्याचा गोड पाक, जूनमध्ये स्पेनहून जहाजाने आलेले आजोबा. जहाजाचं नाव दर वर्षी वेगळं असायचं, कारण त्या डब्यात तीन कात्रणं होती. चौकातल्या पुतळ्याला त्यांनी लेखात घोडा दिला होता. पुतळा बिचारा पायी उभा आहे, सगळं गाव रोज त्याच्यासमोरून जातं. कुणी चूक दाखवली की मास्तर म्हणायचे, "पुढच्या वेळी बघतो." पुढच्या वेळी पहिले पाढे पंचावन्न.

मालक अर्तोला सगळं जाणून होते. "लोकांना आवडतं ना, मग झालं," म्हणायचे. आवडत होतं हे खरंच. मास्तरांनी कधी नवीन काही लिहिलं की त्यांची तब्येत बरी आहे ना, अशी चौकशी व्हायची.

घोड्याने कुणाचं काही बिघडलं नाही. बिघडवलं ते एप्रिलच्या लेखाने. एप्रिलमध्ये आमच्याकडे मोठ्या पुराचा स्मरणदिन असतो आणि मास्तरांचा पुरावरचा लेख येतो. त्यात एक वाक्य होतं: 'नदी चढताच बेकरीवाल्या वाल्दोमीरने भट्टी विझवली आणि पहिल्याच होडीत बसून तो निघून गेला. मी हे डोळ्यांनी पाहिलं.' शाळेत याच लेखावरून नाटुकलं बसवतात. एका मुलाच्या तोंडाला पीठ फासून त्याला होडीत चढवतात, आणि लोक पोट धरून हसतात.

पळाला होता तो दुसरा बेकरीवाला, फागुंदेस. तो पुन्हा गावात आलाच नाही. वाल्दोमीर सिल्वेराने घराची दारं उखडून त्यांचा तराफा केला, पिठाची पोती टेकडीवरच्या रेल्वेच्या गोदामात नेली, तेलाच्या पिंपाची भट्टी केली आणि पूर ओसरेपर्यंत तिथल्या माणसांना पाव भाजून दिला. त्यांनी स्वतः याचा कधी उच्चार केला नाही. म्हातारपणी छातीत पीठ बसून ते अंथरुणाला लागले, तेव्हा त्यांची नात शाळेतून आली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही आम्हाला टाकून पळाला होतात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ओंदिनाताई, म्हणजे त्यांची बायको, माझ्या खिडकीवर उभी.

"मिर्ता, तुझ्या मास्तरांना निरोप दे. म्हणावं, माझ्या नवऱ्याला त्या होडीतून उतरवा आता. किती वर्षं बसवून ठेवलाय."

"सांगते, ताई."

"लवकर सांग. डॉक्टर काही चांगलं बोलत नाहीत. तो डोळे मिटायच्या आत त्या पोरीला खरं कळायला हवं, आणि त्याच्यादेखत कळायला हवं."

मंगळवारी मी मास्तरांना धरलं. ते खट्टू झाले. "पण ते वाक्य चांगलं आहे गं."

"चांगलं आहे, पण खोटं आहे."

"मी त्या आठवड्यात मोंतेविदेओला बहिणीकडे होतो. कुणीतरी सांगितलं असेल मला."

"तुम्ही तर लिहिलंय, डोळ्यांनी पाहिलं."

"तेही वाक्य चांगलं आहे," मास्तर म्हणाले.

मला राग आला आणि मी तो दाखवला. गुरुवारी सदराखाली बारीक अक्षरांत दुरुस्ती आली: 'बेकरीवाले वाल्दोमीर पहिल्या नव्हे, दुसऱ्या होडीतून गेले. चुकीबद्दल दिलगीर आहोत.'

ओंदिनाताई पुन्हा आली. "आता काय, तिसऱ्या होडीची वाट बघू?"

मग मास्तरांनी खरी हकीगत लिहिली, आणि आगीतून फुफाट्यात पडलो. फोनवर फोन. मास्तर थकले, विसरायला लागले, त्यांना विश्रांती द्या. शाळेच्या बाई म्हणाल्या, नाटुकलं बसवून झालंय, आता बदल नको. खाटकाची म्हातारी आई खिडकीशी येऊन मलाच समजावू लागली, "पाव मी खाल्ला होता गं गोदामात. पण इतकी वर्षं छापून येतंय तो पळाला म्हणून, म्हणजे पळालाच असणार." पोटात पाव गेलेली बाई असं बोलते, तिथे बाकीच्यांचं काय घेऊन बसलात!

त्याच आठवड्यात मास्तर वाल्दोमीरच्या घरी गेले. पुराबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही, भोपळ्याच्या पाकाबद्दल बोलत बसले. मास्तर निघाले तेव्हा नळीने येर्बाचा चहा ओढत वाल्दोमीर एवढंच म्हणाले, "मास्तर, मला तुमचं लिहिणं आवडतं. एप्रिल सोडून."

पुढच्या गुरुवारचा लेख मास्तरांनी माझ्याकडे दिलाच नाही, थेट छापखान्यात नेला. सकाळी पेपर उघडला तर पहिलं वाक्य: 'बेकरीवाले वाल्दोमीर सिल्वेरा काल आपल्याला सोडून गेले.' खाली तराफा, गोदाम, पिंप, सगळं होतं.

आता आमच्याकडची रीत अशी, की दुपारी बारा वाजता रेडिओवर घंटा होते आणि आमच्या पेपरातल्या मयताच्या बातम्या वाचतात. तेवढा वेळ सगळं गाव चमचा खाली ठेवतं, सूप निवलं तरी चालतं. ज्याचं नाव वाचलं तो गेला, आणि गेलेल्याबद्दल वावगं बोलायचं नाही. त्या दिवशी रेडिओवाल्यांनी मास्तरांचा लेखही मयताची बातमी म्हणून अख्खा वाचला.

वाल्दोमीर तेव्हा सूपच पीत होते. घंटा झाली तशी त्यांनी सवयीने डोक्यावरची टोपी काढली.

"अहो, हे तुमचंच नाव घेतायत," ओंदिनाताई म्हणाली.

"थांब जरा. बाकीचं सगळं बरोबर सांगतायत. ऐकू दे."

सूप संपायच्या आत दार वाजलं. खाटकाची आई हातात फुलं घेऊन रडत उभी. ओंदिनाताई तोंड उघडणार, तोच ती सुरू झाली, "काय पाव होता गं तो! माझी दोन्ही पोरं त्या पावावर जगली. पोरांना आधी जेवू दे म्हणाला, स्वतः करपलेला खायचा." ओंदिनाताईने तोंड मिटलं, तिला आत घेतलं आणि खुर्ची दिली. मागोमाग इतर आले. कुणी तराफा ढकलला होता, कुणी ओलं लाकूड फोडून दिलं होतं. एकाएकी सगळ्यांना सगळं आठवत होतं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, पण हे दूध खरं होतं. शाळेच्या बाई आल्या आणि नातीला जवळ घेऊन म्हणाल्या, तुझे आजोबा फार मोठे होते.

पलीकडच्या खोलीतून आवाज आला, "ओंदिना, चहाचं पाणी संपलं."

वाल्दोमीर सपाता ओढत बाहेर आले. शाळेच्या बाई खाली बसल्या. खाटकाची आई संतापली. "एवढं सगळं बोलून बसले ना मी," म्हणाली. पण बोललेलं कुणाला परत घेता येईना. नात आजोबांच्या पायाला घट्ट धरून उभी होती. पुढे त्या वर्षीच्या नाटुकल्यात पीठ तिच्याच तोंडाला फासलं, आणि होडी नव्हती.

सगळ्यात शेवटी मास्तर आले, काळा टाय लावून.

"मास्तर, मेलंय कोण?" ओंदिनाताईने विचारलं.

"चूक झाली," मास्तर म्हणाले.

अर्तोला लगेच दुरुस्ती छापायला निघाले होते. वाल्दोमीर म्हणाले, "राहू द्या थोडे दिवस. घाई काय आहे?"

मी मास्तरांना वाटेत गाठलं. "मुद्दाम केलंत ना?"

"मिर्ता, इतकी वर्षं चुकतोय. तेव्हा कुणी विचारलं नाही, मुद्दाम का म्हणून."

वाल्दोमीर त्यानंतर आणखी दोन हिवाळे काढून गेले. बातमी कळली त्या सकाळी मास्तर एक कात्रण घेऊन खिडकीशी आले. तोच लेख, शब्दन् शब्द. 'काल' आधीच होतं, ते बदलायचीही गरज नव्हती. अलीकडे मी त्यांचा प्रत्येक लेख तपासत असे, तसा हाही तपासला.

मास्तर समोरच्या बाकावर टोपी हातात धरून बसले होते. "नीट बघ गं," म्हणाले. "चूक असेल कुठेतरी."

मी पुन्हा एकदा वाचलं. "नाही मास्तर. या वेळी सगळं बरोबर आहे."