पाठ जमिनीला लागली तेव्हा

“मॅट पुसून घे. फिनाइल टाकून.”

साहेब, म्हणजे क्लबचे एक मेंबर, मराठीत म्हणाले. हळू आवाजात. ओमानमधल्या रुवीतल्या त्या हेल्थ क्लबात सगळं हिंदी-इंग्रजीत चालायचं, म्हणून हे फक्त मलाच कळावं.

दोनच मिनिटांपूर्वी ते खूश झाले होते. “अरे वा, मराठी का? कुठले तुम्ही?” मी जिल्हा सांगितला. “आमच्याच बाजूचे की!” मग तालुका. मग गाव. मग आडनाव. आडनाव ऐकलं आणि चेहरा मिटला. समुद्र ओलांडून आलो तरी त्यांना हवं ते बरोबर सापडलं होतं.

मॅट मी आधीच औषधाने पुसलेली होती. घामाने कातडीचे रोग होतात म्हणून तिथे तो नियमच होता. पण साहेबांना औषध नको होतं. मी जेवढ्या तुकड्यावर कुस्ती खेळलो होतो, तेवढा तुकडा त्यांना फिनाइलने धुवून हवा होता. मी मॅनेजरकडे पाहिलं. तो म्हणाला, “साब बोल रहे हैं तो मार दो ना पोछा. दो मिनट का काम है.”

मी गुडघ्यांवर बसलो. पुसली. साहेब कडेला उभे राहून बघत होते. कोपरा राहिला की बोटाने दाखवत होते. मला राग आला असं सांगितलं तर खोटं होईल. मेल्यासारखं झालं होतं. कारण हे मी आधी पाहिलेलं होतं.

आमच्या गावच्या तालमीला लाल माती माझा बाप आणायचा. ओढ्याकाठची खणायची, चाळायची, पाटीत भरून डोक्यावरून वाहायची. मग तिच्यात ताक, हळद, तेल पडायचं आणि गावची पोरं तिच्यात अंग घुसळायची. आमच्या हातची माती चालायची, आमचं अंग चालायचं नाही. मी तालमीच्या खिडकीतून बघायचो आणि ओढ्याच्या वाळूत चुलतभावाबरोबर तेच डाव करायचो. एकदा तालमीत कोणी नव्हतं. मातीच्या हौद्यात उतरलो. नुसता उतरलो आणि दंड थोपटले. वस्तादाने पाहिलं. काठीने झोडून बाहेर काढलं, ते सोडा. दुसऱ्या दिवशी हौद्यातली वरची माती खरवडून काढली आणि ती टाकायला माझ्या बापालाच बोलावलं. माझं अंग लागलेली माती डोक्यावर घेऊन बाप आमच्या दारावरून गेला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

ओमानला मी एजंटामार्फत गेलो. सिक्युरिटीचं काम सांगितलं होतं, पोचल्यावर हातात मॉप दिला. पासपोर्ट मॅनेजरच्या कपाटात गेला. तक्रार करायची कुणाकडे?

तिथे मार्सियो होता. ब्राझीलचा लाइटवेट फायटर, म्हणजे सत्तर किलोच्या आतला. ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं चालतं अशा पिंजऱ्यातल्या लढतींचा गडी. दोन हजार सालानंतर त्या खेळाचं वेड आखातात नुकतं पोचत होतं. आमच्या अर्बाबने, म्हणजे क्लबच्या मालकाने, मेंबरांना शिकवायला त्याला आणला होता. नाक वाकडं, कान कांदाभजीसारखे फुगलेले. माझाही एक कान तसाच आहे. त्या कानावरूनच त्याने मला ओळखलं. मॉप थांबवून कानाला बोट लावलं आणि म्हणाला, “यू. रेसलर?”

मेंबर यायच्या आधी आम्ही मॅटवर उतरलो. मी पाय ओढून पट काढला आणि त्याला पाठीवर घातला. पाठीला माती लागली की खेळ खलास, एवढंच मला ठाऊक. मी हात वर केला. तो खाली पडल्या पडल्या हसला, दोन्ही पायांनी माझी कंबर आवळली आणि मला उलथवला. पाठ लागू नये म्हणून मी झटकन पालथा झालो. झालं. मागून त्याचा हात गळ्याखाली आला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.

रोज हेच. जीव गेला तरी पाठ लावायची नाही, हे हाडात बसलेलं. ती वाचवायला मी पालथा व्हायचो आणि त्याच्या हाती गळा द्यायचो. आमच्याकडचा प्रत्येक पैलवान ही चूक करील. शेवटी तो वैतागला. “व्हाय यू गिव्ह मी बॅक?”

“बॅक ऑन ग्राउंड, फिनिश,” मी म्हणालो.

“हू टोल्ड यू? ग्राउंड, स्टार्ट.”

मला पाठीवर झोपवून त्याने शिकवलं. वरचा माणूस वजन टाकतो, टाकू दे. पायात धर. श्वास रोखू नकोस. मला ते जमेना. पाठ टेकली की वस्तादाची काठी आली असं वाटायचं.

विश्रांतीत तो त्याचं सांगायचा. टेकडीवरच्या झोपडपट्टीतला पोर. फी नव्हती म्हणून अकॅडमीची लादी पुसायचा, श्रीमंतांची पोरं गेली की शिकायचा. पहिल्या लढती बाजाराच्या शेडमध्ये, उघड्या मुठींनी. पुढे जपानला गेला, जिंकला, लोक सही मागायला लागले. मग गुडघा गेला. हरत गेला. लढती देणारे त्याचा फोन उचलेनासे झाले. आणि आता, कुणीतरी जखमी झाला म्हणून त्याच्या जागी दुबईला उभा राहतोस का, असा निरोप आला होता. जिंकला तर पुन्हा जपान. हरला तर संपलं. सराव करायला त्याच्या वजनाचा, दम असलेला माणूस सगळ्या क्लबात मी एकटा होतो.

त्याच दिवसांत साहेबांनी माझं आडनाव विचारलं.

फिनाइलवर ते भागलं नाही. साहेबांनी आणखी दोन मेंबर गोळा केले आणि मॅनेजरकडे गेले. सफाईवाला मॅटवर कसा? शब्द वापरला ‘हायजीन’. मॅनेजरने मला मॅटबंदी केली. मार्सियो त्याच्या केबिनमध्ये जाऊन भांडला. ओरडण्याचा आवाज बाहेर येत होता, मग येईनासा झाला. त्याचाही पासपोर्ट त्याच कपाटात होता. बाहेर आला तो खाली मान घालून. “सॉरी, माय फ्रेंड.”

मग तो ढेरपोट्या मेंबरांबरोबर सराव करायचा. ते घटकेत धापा टाकत बसायचे. मी काचेपलीकडे मॉप घेऊन उभा. माझ्या अंगात ताकद होती, त्याला तिची गरज होती आणि मधे एक काच होती. रात्री उशी दाताखाली धरून रडलो आहे मी.

तो हरला. एक डोळा पुरता मिटलेला घेऊन आला. त्याचं काँट्रॅक्टही संपत आलं होतं, नवं कुणी देणार नव्हतं. मी काय झालं विचारलं, तर पोटावर हात ठेवून म्हणाला, “नो गॅस.” दमच नव्हता. दम कुठे राहिला होता ते आम्हा दोघांना माहीत होतं.

महिनाअखेरीला क्लबात कार्यक्रम ठेवला. बायका-मुलं, समोसे, फोटो. साहेबांना पुढचा पट्टा, म्हणजे वरची श्रेणी, मिळायचा होता, आणि त्याआधी त्यांना पाहुण्यांपुढे खेळून दाखवायचं होतं. मार्सियोला डॉक्टरने मॅटवर उतरू नको सांगितलेलं. मग समोर कोण? मॅनेजर माझ्याकडे आला. “आज के लिए तू चलेगा. बस गिर जा और हाथ थपथपा दे.” मॅटवर थाप मारणं म्हणजे हार कबूल.

साहेब म्हणाले, “हरकत नाही. नंतर पुसून घेऊ.”

पडायला मी चालत होतो.

उतरलो. साहेबांनी ढकललं आणि मी आपणहून पाठीवर गेलो. अख्खा जन्म पालथा हो म्हणून ओरडत होता. झालो नाही. त्यांची कंबर पायात धरली, मान खाली ओढून छातीशी ठेवली. मारलं नाही, पिळलं नाही, फक्त धरलं. त्यांचा घाम माझ्या तोंडावर पडत होता. ते सुटायला धडपडले, मग धापा टाकायला लागले, मग माझ्या खांद्यावर हळूच दोन थापा मारल्या. कुणाला दिसू नयेत अशा. थाप आली की सोडायचं हा नियम आहे. मी सोडलं. ते उठले आणि त्यांनी स्वतःचाच हात वर केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मॅनेजरने बादली आणून ठेवली. फिनाइलचा वास आला.

“मी पुसणार नाही,” मी म्हणालो.

“हळू बोल,” साहेब म्हणाले.

मी हळू बोललो नाही. हिंदीत सांगितलं, “नहीं पोंछूंगा.” साहेबांची मुलगी, दहा-बारा वर्षांची, तिला मराठी धड येत नव्हतं. “पप्पा, व्हॉट्स ही सेइंग?” म्हणून तिलाही सांगितलं, माझ्या मोडक्या इंग्रजीत. “युवर पप्पा सेड, धिस मॅन टच मॅट, वॉश विथ फिनाइल. दॅट डे आय वॉश. टुडे नो. आस्क हिम व्हाय.”

ज्या भाषेत कुणाला कळणार नव्हतं त्या भाषेत त्यांनी मला खाली बसवलं होतं. आता सगळ्यांना कळलं. एका बाईने समोशांच्या ताटावर झाकण ठेवलं. मार्सियो भिंतीला टेकून एका डोळ्याने बघत होता. बोलून त्याचं काही परत येणार नव्हतं.

“खलास,” मॅनेजर म्हणाला. व्हिसा रद्द. पासपोर्ट मिळाला तो थेट विमानतळावर.

घरी आलो. बाप आता थकलाय. त्याने विचारलं, “कशापायी घालवलीस नोकरी?” सगळं सांगितलं. तो म्हणाला, “पुसली न्हाईस न्हवं?”

“न्हाई.”

त्याची ती पाटी अजून पडवीत होती. मी कोयता घेतला आणि तिचे तुकडे केले. त्याने अडवलं नाही.

तालमीत आता वस्तादाचा पोरगा वस्ताद आहे, काठी तीच आहे. यंदाच्या जत्रेत मी त्या हौद्यात उतरणार आहे, दिवसाउजेडी, सगळ्या गावादेखत. एकटा असेन. ते पाडतील, मारतीलही. पाठ लागेल. लागू दे. पण नंतर माती टाकायची झाली, तर पाटी त्यांची आणि डोकंही त्यांचं.