हिराताईंनी परत केलेली अक्षरं

हिराताई ओव्हाळांच्या घरात शिरताना चपला नंतर काढल्या तरी चालायच्या, आधी खिशातली फ्लॉपी काढावी लागायची. "व्हायरस बघू दे," म्हणायच्या. मी चळवळीतला माणूस. पोलिसांनी झडती घेतली तर कुठल्या कायद्याखाली ते विचारतो. पण ह्या बाईसमोर गुमान खिसे रिकामे करायचो.

विश्रांतवाडीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. सरकारी कचेरीत त्या मराठी टायपिस्ट होत्या. कचेरीत कॉम्प्युटर आले आणि साहेब टायपिस्ट बायकांकडे जुन्या खुर्च्यांकडे बघावं तसं बघायला लागले. हिराताईंनी ते बघणं संपायच्या आत स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आलेल्या रकमेतून घरीच कॉम्प्युटर आणला. "आता बघू, कोणाला कोणाची गरज लागते ते!" लागली की. मंगल परिणयाच्या पत्रिका, वाचनालयाच्या पावत्या, कुणी गेलं की पुण्यानुमोदनाची पत्रकं, माझ्या मोर्चांची हँडबिलं, सगळं तिथंच. त्यांचे मिस्टर भीमराव खडकीला कारखान्यात होते. ते असेपर्यंत गिऱ्हाइकाला चहा तेच द्यायचे. ते गेले, चहा मात्र चालू राहिला.

बाईंचा एकच दोष, नाही म्हणता यायचं नाही. जो येईल तो स्वतःचा फॉन्ट घेऊन यायचा. "ताई, आमच्या थोरल्याच्या पत्रिकेला हाच होता, हाच पाहिजे." हा फॉन्ट पुतण्याकडून, तो प्रेसवाल्याकडून, तिसरा अप्पा बळवंत चौकातल्या सीडीवरून. त्या घालून घ्यायच्या. फॉन्टची इंग्रजी नावं त्यांच्या लेखी नव्हतीच. गेनबाचा गोल, वकीलबाईंचा तिरपा, हमालांचा उभा. मी रतन, म्हणून माझा होता तो रतनचा जाडा.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात ते मशीन धापा टाकायला लागलं. बटण दाबून त्या भात लावायच्या, भात होऊन निवायला आला तरी पडद्यावर घड्याळ फिरतच. फॉन्टची यादी उघडली तर रेशनच्या रांगेसारखी, शेवट दिसायचाच नाही. मधेच सगळं गप्प. माझं एक हँडबिल तर मोर्चा झाल्यावर हातात आलं. मी फार बोललो. हिराताई म्हणाल्या, "पुढच्या मोर्चाला वापरा. तुमच्या मागण्या काय, त्याच असतात."

त्यांची मुलगी अक्षता आयटीत. हिंजवडीला नोकरी, बाणेरला नवा फ्लॅट. एका सोमवारी सुट्टी घेऊन आली, मशीन लावलं, थोडा वेळ बसली आणि उठली.

"मम्मी, हे होपलेस झालंय. रविवारी येते आणि फॉरमॅट मारते."

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे सगळं उडवायचं, काका. एकदम क्लीन."

माझं डोकं फिरलं. "क्लीन! नाल्याकडेची वस्ती हटवायला आले होते ना, तेही हाच शब्द बोलत होते."

"काका, हे फॉन्ट आहेत. झोपड्या नाहीत."

"तुम्हा लोकांना दोन्ही सारखंच!"

"दोघांनी बाहेर जाऊन भांडा," हिराताई म्हणाल्या. "मशीन माझं आहे."

त्या काळात मराठी मजकुराची गोष्ट वेगळी होती. पत्रिका ज्या फॉन्टात केली, तो फॉन्ट गेला की फाइल उघडायची, पण आत मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं, चौकोन. नवरा कोण नि नवरी कोण, पत्ता लागायचा नाही. हे अक्षतालाही माहीत होतं. तिचं म्हणणं साधं होतं. "जुन्या पत्रिका कोण वाचणार आहे, मम्मी? आणि आता पुरे की हे काम. माझ्याकडे येऊन राहा."

हिराताईंनी चष्मा पुसला. "रविवारपर्यंत मीच साफ करते. नीट चाललं तर मशीन इथं, मी इथं. नाही चाललं तर तू फॉरमॅट मार. मी येते बाणेरला."

अक्षता "डन" म्हणाली. ही बाई बाणेरला गेली तर विश्रांतवाडीत आमचं कोण उरलं?

दुसऱ्या दिवशी गेलो तर टेबलावर फ्लॉप्या मांडलेल्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. "ज्याचा फॉन्ट त्याला परत," हिराताई म्हणाल्या. "आणि त्या फॉन्टात मी जे जे केलं, तेही सोबत. शेजारणीची वाटी आपण रिकामी देतो का? मग?" फ्लॉपी भरायची, पुन्हा उघडून तपासायची, मगच मशीनमधून फॉन्ट काढायचा, अशी रीत.

"आणि पोचवणार कोण?"

"तुमच्याकडे लूना आहे. आणि मोर्चा नाही सध्या."

मी, ज्यानं कमिशनरांच्या दारात ठिय्या दिला, तो आठवडाभर कुरिअरवाला झालो. मार्केट यार्डात हमालांच्या सभेची पत्रकं करून घेणारा श्रीधर मुकादम फ्लॉपी उलटी-सुलटी करत म्हणाला, "लोक छत्री परत देत नाहीत हो. ह्या बाई अक्षरं परत देतात?" वकीलबाईंनी सही करून द्यायची का विचारलं. धायरीला गेनबाकडे गेलो. रान बिल्डरला गेलेलं, चार इमारतींच्या मधे घर आणि एक शेवग्याचं झाड.

"ह्ये काय हाय?"

"तुमचा फॉन्ट, गेनबा. तुमच्या नातीच्या, संस्कृतीच्या बारशाला दिला होता बघा. पत्रिका पण आहे आत."

"आन् घरी का धाडला? काय चुकलं का त्याचं?"

"जागा नाही उरली तिथं."

"आमच्यावानीच की मग," गेनबा हसला आणि फ्लॉपी नातीच्या चांदीच्या वाळ्यांशेजारी ठेवून आला. "माझ्याकडं कुटं कॉम्प्युटर हाय! पर ऱ्हाऊ द्या."

आतून त्याची बायको शकू ओरडली, "आवो, मोकळ्या हातानं धाडू नका मानसाला!" लूनाच्या हँडलला शेवग्याच्या शेंगांची जुडी अडकवून मी परत आलो आणि वाळ्यांची गोष्ट हिराताईंना सांगितली. असं रोज कुठून ना कुठून काही यायचं. हिराताईंची साफसफाई चालू आणि माझ्या घरी भाजीचा प्रश्न सुटलेला.

शुक्रवारी त्यांनी माझ्याच हातात एक फ्लॉपी ठेवली. चिठ्ठीवर लिहिलेलं, रतनचा जाडा.

"मलाही हाकललंत?"

"जाडा काढला फक्त. तुमचं ओरडणं साध्या अक्षरातही ऐकू येतं."

दोन दिवस मी गेलो नसतो. पण शनिवारी दुपारी पाय तिकडेच वळले. यादी आता आटोपशीर होती. तरी खाली सरकवताना मशीन एका जागी अडायचं, गप्प व्हायचं. हिराताई हाताची घडी घालून बसल्या होत्या.

"ह्याला काय झालं?"

"भीमरावांचा आहे."

त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. बायकोच्या वाढदिवसाला सीडी घेऊन आले होते. फॉन्ट असा की प्रत्येक अक्षराला वेल, वेलीला पानं, पानाला शिरा. तेवढं रेखाटताना मशीनचा जीव जायचा. दिसायला भयंकर. हिराताईंनी त्यात कधी एक ओळ केली नव्हती.

"काढून टाका," मी म्हणालो.

"कुणाला देऊ? ज्याला द्यायचा तो माणूसच नाही. आणि आत घालायला काही नाही. एक शब्दसुद्धा केला नाही मी त्यात. बिचारे रोज विचारायचे, वापरला का?"

मला भाषणं येतात. मी चहा ठेवला.

कप घेऊन आलो तर त्या टाइप करत होत्या. एक अक्षर दाबायचं, थांबायचं. वेल उगवेपर्यंत मशीन घुरघुरायचं. मग पुढचं अक्षर. त्यांनी घाई केली नाही. कागद निघाला तेव्हा संध्याकाळ झाली होती. कागद आणि फ्लॉपी पाकिटात घातली, आणि मग फॉन्ट काढला.

रविवारी अक्षता आली, थेट बटण दाबलं. हिराताईंनी गॅसवर दूध ठेवलं. दूध वर यायच्या आत मशीन सुरू होऊन तयार. मी टाळी वाजवणार होतो, पण अक्षताच्या चेहऱ्याकडे बघून थांबलो. ती यादी वर-खाली करत होती.

"मम्मी, तो वेलीवाला कुठाय? पप्पांचा?"

"तुला काय त्याचं? जुनं कोण बघतंय!"

"मम्मी."

हिराताईंनी पाकीट दिलं. अक्षताने कागद उघडला. वेलीपानांच्या जंगलात मोठं लिहिलं होतं, 'अक्षता भीमराव ओव्हाळ'. बाणेरच्या फ्लॅटच्या दारावर नुसता नंबर होता, नावाची पाटी अजून लावलेली नव्हती. का नव्हती, आडनाव दिसेल म्हणून की काय, हे त्या दोघींत कधी बोललं गेलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

"ई, किती अग्ली आहे हे," अक्षता म्हणाली आणि नाक पुसलं.

"त्यांची आवड तशीच. मला पसंत केलं होतं."

"आणि माझ्या लॅपटॉपला फ्लॉपी ड्राइव्हच नाही."

"मग कागद ने. फ्लॉपी राहू दे घरात, वाळ्यांसारखी."

फॉरमॅटचा विषय कुणी काढला नाही. हिराताई विश्रांतवाडीतच राहिल्या. सोमवारी माझं हँडबिल साध्या अक्षरात वेळेवर मिळालं, आणि लोकांनी ते वाचलंही.

पुढे बाणेरला एका कामाला गेलो तेव्हा मुद्दाम लिफ्टने वर जाऊन आलो. अक्षताच्या दारावर त्याच वेलीच्या अक्षरांत, लाकडावर कोरून घेतलेली पाटी. कारागिराने एक पान सोडलेलं नाही. भयंकर दिसते. पण आडनाव जिन्यातूनसुद्धा वाचता येतं.