शर्यतीआधीचं पाणी

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टर "सिकल सेल" म्हणाले, तेव्हा वनिताच्या आईशेजारी मी उभा होतो. वनिता आठवीत होती आणि मी तिचा खेळाचा मास्तर.

डॉक्टरांनी समजावलं. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, मग हाडं ठणकतात. सोल्युबिलिटी ही पहिली, साधी रक्तचाचणी. तिच्यात संशय आला की इलेक्ट्रोफोरेसिस. आजार आहे की माणूस नुसता वाहक, ते त्यात कळतं. वनिताला आजारच निघाला.

ती पोरगी अजून डोळ्यांसमोर आहे. धान कापून झालं की बांधीतल्या धसकटांवरून अनवाणी पळायची. कामठ्याकडच्या आमच्या मैदानावर मी फक्कीच्या रेघा आखायचो. ती सुटली की बाकीच्या पोरींना तिची वेणीच दिसायची. तालुक्यात पहिली आली, मग जिल्ह्यात.

माझा एक नियम होता, माझ्या मास्तरांकडून आलेला. धावण्याआधी पाणी नाही, पोट जड होतं.

"गुरुजी, पाय दुखून राहिले. दोन घोट पिऊ द्या ना."

"शर्यत झाल्यावर पी. काऊन, म्हैस आहेस काय डबक्यावर जायला?"

पोरी हसायच्या. तीही हसायची.

विभागाच्या निवडीला, भर उन्हात, ती अर्ध्या वाटेत पाय धरून खाली बसली. तिथून थेट दवाखाना.

"बच्ची पानी कम पीती है क्या?" डॉक्टरांनी विचारलं. आजार जन्माचा, पण अंगात पाणी कमी पडलं की दुखणं उसळतं, असं ते म्हणाले.

तिची आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "माझंच ध्यान नाही राह्यलं जी. कापणीत होती मी."

मी पंख्याकडे पाहत राहिलो.

वनिताचं धावणं तिथंच सुटलं. आपल्या भागात हा आजार पुष्कळ घरांत आहे. पोर पाय दुखतात म्हणाली तर तिला आळशी म्हणू नका, रक्त तपासा. आणि पाणी मागितलं तर द्या.

वनिता आता सडक अर्जुनीला अंगणवाडीत असते. दुखणं अधूनमधून येतं, पण गोळ्या घेऊन ती उभी आहे. आई गेल्यावर ती मला भेटायला आली.

"शेवटपर्यंत एकच म्हणे," ती म्हणाली, "माझंच ध्यान नाही राह्यलं."

सांगायचं वाक्य माझ्याकडे कधीचं तयार होतं. मी उठलो, माठातून ग्लास भरला, तिच्यापुढे धरला.

ती हसली. "शर्यत झाली काय, गुरुजी?"

"पी," मी म्हणालो. तेवढंच म्हणालो.