लाँचचं पोट घासलं त्याची गोष्ट

माझ्या हातून आजवर एकच लाँच बुडाली, आणि तीही काठाला दोन दोरांनी बांधलेली असताना. बुडायला तिला जेमतेम अर्धा तास लागला. त्याआधी दोन महिने मी ती दुरुस्त करत होतो.

ही पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराची, लखनौमधली गोष्ट. मी बँकेत अधिकारी होतो. महानगर नावाच्या वस्तीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर, बायको नीला, आणि नववीतली मुलगी मंजू, जिला मराठी सगळं कळायचं आणि जी उत्तर फक्त हिंदीत द्यायची. आई गेली त्याच महिन्यात मी दाभोळला जाऊन अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन आलो. अप्पांनी बत्तीस वर्षं खाडीत प्रवासी लाँच चालवली होती. अशा माणसाला मी समुद्रापासून इतक्या लांब आणून गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीवर बसवलं. गॅलरीतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसायची. अप्पा दिवसभर तिच्याकडे बघत बसायचे. (टाकी भरून वाहू लागली की हाक मारून सांगायचे. अख्ख्या कॉलनीत त्यांची तेवढीच ओळख झाली होती.)

त्यातच त्यांना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, आणि उरलेली वर्षभर टिकली तरी नशीब समजा. हे अप्पांना कसं सांगावं याचा मी आठवडाभर विचार केला. शेवटी तेच एकदा जेवताना म्हणाले, "मला कळलंय रे. फक्त पुरती जायच्या आत एकदा सुकाणू हातात धरून पाणी बघायचंय. मग जाऊ दे."

त्यांनी जन्मात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. ती पुरी करायची असं मी ठरवलं, आणि मी एकदा ठरवलं की मग कुणाचं काही चालत नाही!

आता कुणीही विचारेल, चार दिवस रजा काढून दाभोळला का नेलं नाही? हे मला सुचलं नाही. सुचलं तेव्हा लाँच बुडालेली होती.

त्याऐवजी सुचलं ते असं. आमच्या शाखेतल्या शुक्लाजींचे एक काका हौशी गृहस्थ होते. ते वारल्यापासून त्यांची जुनी लाकडी लाँच गोमतीच्या काठावर विटांवर चढवून ठेवलेली होती. छोटीशी केबिन, दोन बाकं, सुकाणूचं चाक. इंजिन कुणीतरी केव्हाच काढून नेलं होतं. शुक्लाजी म्हणाले, "ले जाइए भाईसाहब, चाचीजी दुआएँ देंगी." (काकूंना तिथे वाळवण घालायला जागा हवी होती, हे नंतर कळलं.) दोन नाववाले वल्ह्यांनी ती पलीकडच्या काठाला नेऊन परत आणतील, सुकाणू अप्पांच्या हातात असेल, असा माझा बेत. दिवस नारळी पौर्णिमेचा. त्या दिवशी अप्पांनी बत्तीस वर्षं खाडीला नारळ दिला होता. या वर्षी गोमतीला द्यायचा.

अप्पांना लाँच दाखवायला नेलं. त्यांनी काळा चष्मा वर केला, दोन्ही तळहात तिच्या अंगावरून फिरवत एक पूर्ण फेरी मारली, मधूनमधून टिचकी मारून कान लावला. आई गेल्यापासून त्यांना हसताना मी तेव्हा प्रथम पाहिलं.

"हाडं चांगली आहेत," ते म्हणाले. "केबिनची जमीन कुजलीय, तेवढी बदल. खालचं पोटही साफ करायला लागेल, पण ते मी सांगेन तसं. मी समोर असल्याशिवाय आत हात घालू नकोस."

मी हो म्हणालो. मी नेहमीच हो म्हणतो.

अप्पांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून दर रविवारी मी त्यांची खुर्ची काठावर मांडायचो आणि ते लांबून हुकूम सोडायचे. कामाला निशातगंजचा छेदीलाल मिस्त्री होता. आमच्या घरातला दिवाण आणि नीलाची स्वयंपाकघरातली कपाटं त्याचीच. नाव मात्र त्याने पूर्वी कधी आतून पाहिली नव्हती. पण कामाला नाही म्हणणं त्याच्याही स्वभावात नव्हतं, त्यामुळे आमचं दोघांचं चांगलं जमलं. अप्पा दर रविवारी फळ्यांबद्दल काहीतरी सुचवायचे, छेदीलाल आदराने ऐकून घ्यायचा आणि मग माझ्याकडे बघायचा. मी मान हलवायचो. तो दिवाणासारखंच काम करायचा.

ऑगस्टच्या सुरुवातीला कुजक्या फळ्या निघाल्या आणि लाँचचं पोट उघडं पडलं. आत काळंकुट्ट पाणी, कुजलेली पानं, बेडकांचं एक अख्खं कुटुंब, आणि असा वास, की छेदीलाल विडी न ओढताच खोकायला लागला. नीला नाकाला पदर लावून म्हणाली, "याच्यावर उभं राहून नारळ वाहायचा?"

तिचा प्रश्न मला एकदम पटला. आमच्याकडे पूजा म्हटली की आधी घर घासून काढायचं असतं, फरशीखालीही काही घाण दिसली तर तीही. पुढच्या रविवारी मंजू अप्पांना तपासणीला घेऊन जाणार होती. म्हटलं, हीच वेळ. ते परत येतील तोवर पोट लख्ख. त्यांना केवढा आनंद होईल!

त्या रविवारी मी लुंगी खोचून आत उतरलो. उतरलो म्हणजे कमरेपर्यंत डोकं खाली घालून लोंबलो. बादलीने पाणी उपसलं. खाली दगड लागले. गोल, गुळगुळीत, एकाला एक चिकटवून नीट रांगेत बसवलेले, चांगले छत्तीस. शुक्लाजींच्या काकांनी आपल्या नावेत इतके दगड का टाकून ठेवले असतील, असं मनात म्हणत मी ते सगळे काढले आणि काकूंच्या वाळवणाच्या कडेने लावून दिले. मग तळाला एक काळा, जाड, डांबरासारखा थर दिसला. दोन-तीन ठिकाणी तर त्यात जुनं फडकं घट्ट चेपून भरलेलं होतं. किती वर्षांची घाण ती! पत्र्याच्या तुकड्याने तो थर खरवडायला तीन तास लागले. मधे एकदा मी आतच अडकलो, तेव्हा छेदीलालने मला पाय धरून बाहेर ओढलं. मग साबणाची पूड, मग फिनेल. संध्याकाळी लाकूड असं पिवळंधमक निघालं, की त्यावर पान वाढून जेवावं.

नवी जमीन ठोकताना छेदीलालने एकदाच विचारलं, "साहब, बीच में एक पटरा खुला छोड़ दें? उठाने के लिए?"

मी म्हटलं, नको. अप्पांना नीट दिसत नाही, सुट्या फळीला ठेच लागून पडतील. सगळं पक्कं ठोक.

हा एक निर्णय मी खरोखर त्यांच्या काळजीपोटी घेतला होता. म्हणून तोच मला अजून सगळ्यात जास्त छळतो. छेदीलालने चारी कोपरे खिळ्यांनी बंद केले आणि वरून छान तपकिरी लिनोलियम चिकटवलं. एवढं झाल्यावर मागे सरून तो म्हणाला, "अब बताइए, नाव है कि ड्राइंग रूम."

अप्पांना मी एवढंच सांगितलं की सगळं झालंय, त्या दिवशी बघा.

नारळी पौर्णिमेलाच राखी असते आणि लखनौत त्या दिवशी कुणी कामाला येत नाही, हे मी सहा वर्षं तिथे राहून विसरलो होतो. दोन्ही नाववाले बहिणींकडे गेलेले. छेदीलालही येतो म्हणून आला नव्हता. काठावरच्या सात-आठ जणांना गोळा करून लाँच पाण्यात ढकलली आणि दोन दोरांनी खुंट्यांना बांधली. ठरलं असं, की नाववाले दुपारी येईपर्यंत अप्पांनी निदान उभं राहून बघावं.

अप्पा पांढरा शर्ट, काळी टोपी घालून आले होते. बिनदगडांची लाँच त्यांचा पाय पडताच अशी कलंडली, की माझ्या हातातला नारळ पूजेआधीच नदीत गेला. अप्पा मात्र स्थिर. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, केबिनमध्ये गेले, काठीने जमिनीवर टकटक केली. मग दुसऱ्या कोपऱ्यात. मग तिसऱ्या.

"उघडते कुठे ही?"

"कुठेच नाही अप्पा. पक्की केलीय."

"वजनाचे दगड?"

मंजू बाकावर बसली होती, तिने उत्साहाने सांगितलं, "दादाजी, पापा ने सब निकाल दिए. पूरे छत्तीस. अंदर का काला-काला भी सब साफ कर दिया."

लिनोलियमच्या कडेने एक बुडबुडा आला. मग दुसरा.

"मंजू, तू उतर," ते म्हणाले. अगदी साध्या आवाजात. मंजू उतरली. "आता तू." मी म्हटलं, अप्पा, तुम्ही आधी. ते म्हणाले, "लाँच कोणाच्या ताब्यात आहे?"

मी उतरलो. मला वाटलं ते मागोमाग येतील. ते चाकाकडे गेले.

पुढचं मला रोज दिसतं. जमिनीखालचं पाणी उपसायला वाटच ठेवलेली नव्हती, त्यामुळे करण्यासारखं कुणालाच काही नव्हतं. लाँच हळूहळू बसत चालली होती, आणि अप्पा दोन्ही हातांनी सुकाणू धरून पलीकडच्या काठाकडे बघत उभे होते. पाणी घोट्याला, मग पोटरीला. मी काठावरून ओरडत होतो, नीला रडत होती, मंजू पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "अप्पा, या ना." त्यांनी चाक थोडं डावीकडे वळवलं. परत सरळ केलं. बांधलेल्या, बुडत्या लाँचवर ते अर्धा तास नदी ओलांडत होते.

काठालगत पाणी कमरेएवढंच. लाँच तळाला टेकली आणि थांबली. तेवढ्यात मनगटाला भलीमोठी चमचमती राखी बांधलेला छेदीलाल आला, एक शब्द न विचारता पाण्यात उतरला आणि अप्पांना पाठुंगळी मारून काठावर घेऊन आला. अप्पांनी त्याच्या जमिनीची तारीफ केली. म्हणाले, एवढं होऊनही एक फळी हलली नाही.

मला ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर त्यांची नजर पूर्ण गेली. त्यांना दाभोळला न्यायला मी मागितलेली रजा आता मंजूर होऊन काही उपयोग नव्हता. एका दुपारी मी त्यांच्या शेजारी गॅलरीत बसलो आणि विचारलं, पोट साफ कसं करायला हवं होतं? त्यांनी तासभर सगळं समजावून सांगितलं. दगड कसे एकेक उचलून धुऊन त्याच जागी ठेवायचे, फटी बुजवणाऱ्या जुन्या डांबराच्या थराला हात न लावता फक्त सुटं झालेलंच कसं काढायचं, फळ्या फुगून फटी मिटाव्यात म्हणून लाकडाला आधी दोन दिवस पाणी कसं पिऊ द्यायचं. मी त्यांना आयुष्यात प्रथमच काही विचारत होतो, हे ते सांगत असताना माझ्या लक्षात आलं. मग धीर करून आणखी एक विचारलं.

"अप्पा, तुम्हाला इथे यायचं होतं का?"

"नव्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू तिकिटं काढूनच आला होतास."

अप्पांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी विचारल्याशिवाय काहीही करत नाही. नीला म्हणते, याहून पूर्वीचं बरं होतं. मागच्या महिन्यात मंजूच्या घरी गेलो, तेव्हा पंखा लावू का, हे तिसऱ्यांदा विचारल्यावर जावई कळवळून म्हणाला, "पापाजी, अपना ही घर समझिए."

आपलीच समजून मी हात लावलेली लाँच कुठे गेली, हे मंजूने त्याला अजून सांगितलेलं दिसत नाही.