रेघेतली मोकळी जागा

सांगलीहून निघताना पिशवीभर भडंग घेतलं होतं, ते वऱ्हाडातल्या मानोऱ्याच्या एसटीत सांडलं. अर्ध्या बसनं वेचून खाल्लं आणि अर्ध्या बसशी माझी ओळख झाली. पुढं ऑटोनं (आपली रिक्षा हो!) तांड्यावर पोचले. दोन्हीकडं कापूस, मधून मधून तूर, आणि वस्तीत निम्म्या दारांना कुलपं.

माझी भाची मुक्ता इथं चित्र काढते आहे. तेही जमिनीवर! "आत्या, चित्र आता कागदात मावत नाही गं. कुणी दोऱ्यानं रेघ ओढतं, कुणी शेतातून चालून चालून वाट पाडतं, तीच रेघ." तांड्यातल्या बायकांनी देवळापुढचं अंगण सारवलं होतं आणि चुन्यात बोट बुडवून प्रत्येकीनं आपलं घर काढून शेजारच्या घराला जोडलं होतं. जन्म रांगोळीत गेलेली मी. मला आधी दिसलं ते एकच, रेघ जागोजागी तुटलीय.

रात्री त्यांच्यातल्याच शेवंताबाईंकडं जेवलो. भाकर, ठेचा, ओल्या तुरीच्या दाण्यांची झणझणीत भाजी. डोळ्यांतून पाणी आलं तरी मी वाढून घेतच होते.

"कोनत्या गावच्या तुमी?"

"सांगलीकडची."

"मंग माही सून तिकडंच हाय, ऊस तोडाले. सारिका. दिसली काय कधी?"

मी हसले. "एवढ्या माणसांत कुठली दिसायला!"

त्या नाही हसल्या.

सकाळी बायका कापूस वेचायला गेल्या, मुक्ता आंघोळीला. अंगणात चुन्याची वाटी तशीच होती. रांगोळीची रेघ मोकळी सोडू नये, हे माझ्या हाताला आईनं शिकवलेलं. बसले खाली आणि सगळ्या फटी जोडून टाकल्या. कंबर मोडली, पण काय सांगू, खूश होते. आता कौतुक होणार म्हणून पायरीवर बसून राहिले.

बायका परतल्या. शेवंताबाई डोक्यावरचं गाठोडं न उतरवता उभ्याच राहिल्या.

"कोनं केलं हे?"

"मीच! राहून गेलं होतं की."

"राह्यलं नोयतं, पाव्हनीबाई. ठेवलं होतं. जे घर बाहेर गेलं त्याची जागा मोकळी. ते आलं का आपल्या बोटानं भरंल. काल सारिका फोनवर पुसत होती, माही जागा ठेवली ना? आता तिले काय सांगू?"

मी पदर ओला करून घासायला लागले. चुना आणखीनच पसरला. मागून कुणीतरी बोललं, "सांगलीवाले आमचे मानसं बी नेतात, अन् दार बी लावून घेतात!" सगळ्या हसल्या. शेवंताबाईसुद्धा. मला मान वर करवेना.

"राहू दे आत्या," मुक्ता म्हणाली, "हा डागही आता चित्रातच." तिनं समजूत काढली ती माझी, शेवंताबाईंची नव्हे. निघताना त्यांनी मला भाकरी बांधून दिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

गावी उतरले. आमच्या घरामागं ऊसतोडीवाल्यांच्या पाचटाच्या झोपड्या दर हंगामाला उभ्या राहतात. एक बाई मोळी बांधत होती. जवळ जाऊन म्हटलं, "बाई, नाव काय गं तुझं?"

तिच्या हातातली मोळी सुटली.

"काहून? काई चोरीले गेलं काय?"

मी नाही म्हटलं. तिला ते खरं वाटलं नाही. माझ्या नखांत अजून चुना होता.