न गायलेल्या शिव्या

साठच्या दशकात, ऐन पंचविशीत, मी धुळ्यात लग्नाकार्याला स्पीकर लावायचा धंदा करत होतो. चावी भरून फिरवायचं रेकॉर्डचं यंत्र, एक अॅम्प्लिफायर, मोटारीची बॅटरी, झाडावर बांधायचा भला मोठा कर्णा आणि रेकॉर्डींनी भरलेली पत्र्याची पेटी, एवढं माझं साम्राज्य. बहुतेक खेड्यांत वीज आलेली नव्हती. त्यामुळे मी गावात शिरलो की नवरदेवाच्या खालोखाल भाव मलाच असायचा. मांडवाच्या कोपऱ्यात मला खाट मिळे, तासातासाला चहा मिळे, आणि नवरीच्या मैत्रिणी अमुक गाणं लावा म्हणून निरोप धाडत. मी गंभीर चेहऱ्याने मान हलवी आणि मनाला येईल ते लावी.

एकाच जागी बसून लग्नं बघता बघता मला एक शोध लागला. पंगत बसली असताना ठेक्याचं गाणं लावलं की माणसं भराभर जेवतात. बट्टी कुस्करून वरण ओतून घेतात, वांग्याची भाजी ओरपतात आणि हात धुवायला पळतात. तेच एखादं विरहाचं, संथ गाणं लावा. घास हातातच राहतो, नजर मांडवाच्या छताकडे जाते, आणि वाढप्याने पत्रावळीवर तीन मुठी बुंदी टाकली तरी माणसाला पत्ता नसतो. पुढची पंगत खोळंबली की यजमान माझ्याकडे बघत. मी बोटाने खूण करी, रेकॉर्ड बदली, आणि पंगत उठे. सगळ्या लग्नाचा लगाम माझ्या हातात आहे असं मला वाटू लागलं होतं.

नरडाण्याच्या स्टेशनापासून दोन-तीन मैलांवरच्या एका गावात हा लगाम तुटला.

नवरीचे वडील, त्यांना सगळे नाना म्हणत, गावातल्या पिठाच्या गिरणीचे मालक होते. डिझेलवर चालणाऱ्या त्या इंजिनावर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव. मुलीची आई लहानपणीच गेलेली, तेव्हा पोरीला वाढवलं नानांच्या थोरल्या बहिणीने, अक्कांनी. या मुलीचं एक लग्न आधी ठरून मोडलं होतं. दोष कुणाचाच नव्हता, पण गावाला दोष लागतोच. हेही मोडलं असतं तर पोरीच्या दारात पुन्हा कोणी सोयरीक घेऊन आलं नसतं. हे मला कोणी सांगावं लागलं नाही. नाना मला खुंटी कुठे ठोकायची ते तीनदा दाखवून गेले, आणि तिन्ही वेळा जागा वेगळी होती.

वऱ्हाड सकाळच्या गाडीने आलं. स्टेशनावरून उन्हात चालत आलं आणि शाळेच्या खोल्यांत उतरलं. मुहूर्त गोरजाचा होता. दुपारी बातमी आली की नवऱ्या मुलाचे चुलते रुसले आहेत. हे आबा त्या घरातले कर्ते पुरुष. पांढऱ्याशुभ्र मिशा, डोक्याला भलाथोरला पटका. ते म्हणत होते की आम्हाला आणायला बैलगाड्या पाठवायचं ठरलं होतं, तुम्ही शब्द मोडला. नाना शपथेवर सांगत होते की असं काही ठरलंच नव्हतं.

बोलणी झाली होती धुळ्याच्या एका मारवाडी शेटजींच्या कापडदुकानात, दोन्ही घरं बस्ता बांधायला बसली होती तेव्हा. शेटजी लग्नाला आलेलेच होते, माझ्याच खाटेवर पाय वर घेऊन बसले होते. नाना त्यांच्याकडे धावले. तेव्हा माझ्या यंत्रावर एक उडतं गाणं चालू होतं. शेटजींनी मांडीवर ताल धरला आणि हसत सांगितलं की गाड्यांचं नाव निघालं नव्हतं, सगळे कसे मजेत होते, चहा दोनदा झाला होता. नाना खूश होऊन शाळेकडे गेले. आबांनी ऐकलं नाही म्हणून आबांचा भाचा खात्री करायला शेटजींकडे आला, आणि तोवर मी एक रडवी रेकॉर्ड लावली होती. शेटजींनी सुस्कारा सोडला. म्हणाले, गाड्यांचं बोलणं झालं होतं बहुतेक. नाना त्या दिवशी फार थकलेले दिसत होते, विसरले असतील बिचारे.

माणूस तोच, दुकान तेच, दिवस तोच. मध्ये फक्त एक रेकॉर्ड बदललेली. मला हसू आवरेना. खोटं बोलत नव्हते हो शेटजी. उडत्या गाण्यात त्यांना दुकानातलं हसणं आठवलं, रडव्या गाण्यात नानांचा चेहरा. आठवणीच्या कपाटातून काय काढायचं ते गाणंच त्यांच्यासाठी निवडत होतं.

मग मी ठरवलं की आबांचंही कपाट उघडायचं. माझ्याकडे एक सनईची रेकॉर्ड होती, जळगावच्या जुन्या बाजारात मिळालेली. मुलीची पाठवणी करताना मी ती लावी, आणि भलेभले उपरण्यात तोंड लपवत. आबांनाही एक मुलगी आहे, ती सासरी नांदते, हे मला कळलं होतं. म्हटलं, आता मुलीची आठवण येणार, मन विरघळणार. मी निंबावर चढून कर्ण्याचं तोंड शाळेकडे वळवलं, खाली येऊन चावी भरली आणि पिन ठेवली.

आबांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. ते ओसरीवर आले, धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, पटका नीट बांधला आणि वऱ्हाडाला म्हणाले, सामान उचला, संध्याकाळची गाडी गाठायची आहे.

पुढे कळलं ते असं. आबांच्या मुलीच्या लग्नात पाठवणीला अशीच सनई होती, आणि तिच्या सासरच्यांनी आबांना सगळ्या गावासमोर भर उन्हात हात जोडून उभं ठेवलं होतं. सनईने आबांचं मन उघडलं खरं, पण आत काय ठेवलं होतं ते मला कुठे ठाऊक? मुलीची आठवण आली, तिच्याबरोबर तो अपमानही आला. त्या दिवशी गिळला तो राग आज बाहेर काढायला त्यांना नानांचं दार सापडलं.

बातमी मांडवात पोचली तेव्हा नाना माझ्या शेजारीच उभे होते. हळद लावून पिवळी झालेली नवरी आतल्या खोलीच्या दारात आली आणि बापाकडे बघत राहिली. सनई चालूच होती. तेवढ्यात अक्का आल्या. त्यांनी उभ्या आयुष्यात यंत्राला हात लावला नव्हता, पण माझ्या डोक्यावरून हात घालून त्यांनी पिन अशी उचलली की रेकॉर्डीवर कायमचा चरा पडला.

"सकायपासून वरडी राह्यनं हाई," त्या म्हणाल्या. "चाल नाना, पाय धरसूत त्यासना."

नाना, अक्का आणि मांडवातल्या दहा-बारा बाया शाळेकडे निघाल्या. मीही मागोमाग गेलो, गुन्हेगार गर्दीत लपतो तसा. गाव एकदम इतकं शांत झालं होतं की गोठ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. नानांनी वाकून आबांच्या पायांवर पागोटं ठेवलं. आबा मागे सरकले. सकाळपासून सगळे कर्ण्याच्या वर आवाज चढवून भांडत होते, आता ओरडायचं कारण उरलं नव्हतं. आबा खालच्या आवाजात, जरासे लाजतच बोलले.

"गाडासनी बात सोडा. सकाळपासून ईसन बठनूत, पन आम्हले एक शिवी बी दिधी नही कोनी. आम्ही काय परका शेतस का?"

आमच्याकडे लग्नात नवरीकडच्या बाया व्याह्यांना गाण्यांतून शिव्या देतात. व्याह्याचं पोट, त्याच्या मिशा, त्याच्या बायकोची चोरटी नजर, काही सुटत नाही. जितका मान मोठा तितकी शिवी लांब. शिव्यांशिवाय लग्न म्हणजे व्याह्याला दारातल्या पाहुण्यासारखं वागवणं. आणि नानांनी नेमकं तेच केलं होतं. एवढा खर्च करून धुळ्याचा स्पीकर आणलाय, आता ती गावठी गाणी नकोत, अशी त्यांनी बायांना ताकीद दिली होती. बाया सकाळपासून तोंडाला कुलूप लावून पोळपाट बडवत होत्या.

अक्का नानांकडे बघून फक्त "हं" म्हणाल्या. मग पदर खोचला, एक हात कानावर ठेवला आणि तिथेच, शाळेच्या ओसरीखाली, सुरू झाल्या. पहिल्या कडव्यात आबांचा पटका एवढा मोठा निघाला की त्यात कोंबडीने अंडी घातली. दुसऱ्यात आबा पंगतीत बसले आणि पत्रावळसुद्धा खाऊन उठले. बाया टाळ्या वाजवत ओळ उचलत होत्या. तिसऱ्या कडव्यात अक्का आबांच्या मिशांवर आल्या, आणि त्याच मिशांखाली काहीतरी हललं. आबा हसू दाबत होते. चौथ्याला त्यांनी स्वतःच अक्कांना आठवण करून दिली की माझा धाकटा भाऊही आला आहे, त्याला कशाला सोडता.

धाकट्याचीही यथासांग धुलाई झाली. आबा ओसरीच्या पायरीवर बसले, गुडघ्यावर थाप मारून हसता हसता मध्येच थांबले, आणि कपाळावर आठ्या घालून नानांना म्हणाले, "अरे, मीच सांगेल व्हतं ना दुकानमा? गाडा नका धाडू, आम्ही पायी ईसूत. आते माले याद उनी."

नानांनी मान खाली घातली. ते खरं होतं की नव्हतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. कदाचित रागात आबांना ते खरंच आठवत नसेल आणि हसताना आठवलं असेल. कदाचित त्या घटकेला त्यांच्या मनाने नानांना वाचवण्यासाठी ती आठवण तयारही केली असेल. मी पुढे अनेकांना गाण्यात रडताना, हसताना पाहिलं, आणि दर वेळी मला वाटलं की या माणसाला आत्ता काही विचारू नये. विचारायचंच असेल तर काय वाजतंय ते आधी ऐकावं.

गोरज तोवर गाईंबरोबर गोठ्यात गेली होती. भटजींनी पंचांग पुन्हा उघडलं आणि दिवेलागणीनंतरचा एक मुहूर्त शोधून काढला. मंगलाष्टकं स्पीकरशिवाय झाली. मला कोणी लावायला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आबा नवऱ्या मुलाच्या मागे उभे राहून सगळ्यांच्या वर सूर चढवत होते आणि प्रत्येक ओळीला बेसूर होत होते.

अंतरपाट खाली आला. अक्षता पडल्या. दुपारपासून एका जागी न टेकलेले नाना मांडवाच्या खांबाला पाठ लावून घसरत खाली बसले आणि लहान मुलासारखे ढसाढसा रडू लागले. अक्कांचा आवाज गाऊन गाऊन पार बसला होता. त्या नानांच्या कानाशी वाकून, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाल्या, "ऊठ आते. जावाईना पाय धोवाना शेतस."

नाना उठले, आणि नवरी पहिल्यांदा हसली.