कोपरानं पाणी पाहणारी मावशी

बाळाला पायांवर घेण्याआधी ती दोन्ही हात जोरात झटकायची. हात ओले नसायचे. "मुंग्या उतरू द्या, मंग घेते," म्हणायची आणि हसायची. बाळंतिणीच्या घरी रोज येणाऱ्या मालिशवाल्या बाया तुम्हीही पाहिल्या असतील. प्रत्येकीची काही ना काही लकब असते. ही तिची लकब, असं मी समजून गेले.

सिडकोतल्या आमच्या गल्लीत सगळे तिला मावशीच म्हणत. माहेर सिल्लोडकडचं. नवरा गेल्यावर मालिश करूनच तिनं लेकीला वाढवलं आणि सिल्लोडलाच तिचं लग्न लावून दिलं. सकाळी आमच्या गल्लीतली पाच-सहा घरं करायची. पाय लांब करून माझ्या मुलीला पोटऱ्यांवर निजवलं, की पोर रडायचं विसरायची. "लई गुणाची हाय माझी बाय," म्हणत मावशी तिच्या पाठीवर अंगठे फिरवी. अंघोळीच्या पाण्यात मात्र ती कधी बोटं घालत नसे. कोपर टेकवून बघे. मला त्याचं फार कौतुक वाटे.

एकदा म्हणाली, "ताई, रातच्याला हात मरून जात्यात बघा. उठून झटकत बसावं लागतंय."

मी बँकेत नोकरी करणारी, शिकलेली बाई. घरातली दुखण्यावरची एक गोळी काढून दिली आणि म्हणाले, "कामाचे हात आहेत मावशी, दुखणारच."

त्यानंतर आठवडाभरानं तिच्या हातातून तांब्या निसटला. पाणी कोमट होतं. तांब्या फरशीवर पडला, पोरीला लागलंसुद्धा नाही, नुसती दचकून रडली. पण मी तिला मावशीच्या पायांवरून हिसकावून घेतलं. "उद्यापासून येऊ नका," म्हणाले. मावशी "व्हय ताई" म्हणाली, सांडलेलं पाणी पुसलं आणि गेली.

संध्याकाळी मी शेजारणीला सांगितलं, "तिच्या हातात काही राहत नाही आता. बाळ देताना जपा." एवढं पुरलं. महिन्याभरात तिची गल्लीतली सगळी घरं सुटली.

रजा संपून मी कामावर जाऊ लागले. काही महिन्यांनी शेजारच्या टेबलावरची मैत्रीण मनगटाला पट्टा बांधून आली. "कार्पल टनेल म्हणतात," ती सांगू लागली. "मनगटात चिंचोळी वाट असते, तिच्यातून हाताची नस जाते. तिथं सूज आली की नस दाबली जाते. बोटं बधिर होतात, रात्री मुंग्यांनी जाग येते, धरलेलं निसटतं. लवकर कळलं तर पट्टा आणि विश्रांतीनं भागतं म्हणे."

"गरम-गार कळतं का बोटांना?" मी विचारलं.

"नीटसं नाही."

मला पाण्यात टेकवलेलं मावशीचं कोपर आठवलं.

मावशीचं घर शोधून तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अंगठा करंगळीला टेकवायला सांगितलं. टेकेना. अंगठ्याखालचा मांसल भाग बसून गेला होता. "ऑपरेशननं मुंग्या जातील," डॉक्टर म्हणाले, "पण गेलेला जोर परत येईलच असं नाही. आधी यायला हवं होतं." मी जमिनीकडे बघत बसले.

ऑपरेशन छोटंसंच होतं. टाके निघाल्यावर ती म्हणाली, "आता झोप लागतीय, ताई."

मी धीर करून बोलले. "मावशी, गल्लीत सगळ्यांना मीच सांगितलं होतं."

"ठावं हाय मला. लेकरू तुमचं व्हतं. तांब्या सुटला तवा मीबी लई भ्याले." मग म्हणाली, "पण मला इचारायचं तरी, काय होतंय म्हून."

जोर आला नाही. ती सिल्लोडला लेकीकडे राहायला गेली. मग मी गल्लीतल्या त्या प्रत्येक घरी गेले आणि दारात उभं राहून सांगितलं की तो आजार होता, तिचा निष्काळजीपणा नव्हता. शेवटच्या घरातल्या काकू मेथी निवडत होत्या.

"अगं, ते आम्ही केव्हाच विसरलो," त्या म्हणाल्या. "आमच्या सुनेचे दिवस भरत आलेत. मावशीला निरोप दे ना, येईल का?"